ऑक्सिजन भरायचा की काढायचा? अतिवाहक फिल्मसाठी दोन पदार्थांची तुलना

सोलापुरात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ऑक्साइड अतिवाहकाची (ठरावीक तापमानाच्या खाली विजेला काहीच रोध न करणाऱ्या पदार्थाची) पातळ फिल्म करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मुख्यतः दोन पदार्थ सुचवले जातात: १९८७ साली गवसलेले यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड आणि १९८९ साली पुढे आलेले निओडिमियम-सिरियम-कॉपर ऑक्साइड. दोन्हींची अतिवाहकता ऑक्सिजनच्या प्रमाणावर ठरते, पण एकात तो भरावा लागतो आणि दुसऱ्यातून काढावा लागतो.

यट्रियमच्या संयुगाच्या सूत्रात ऑक्सिजनच्या अणूंची सरासरी संख्या ६ ते ७ यांच्या दरम्यान असते. ती ६.९ च्या वर असताना फिल्म सुमारे ९२ केल्व्हिनला (उणे १८१ अंश सेल्सिअसला) अतिवाहक होते, ६.६ च्या आसपास हे तापमान ६० केल्व्हिनपर्यंत उतरते आणि साधारण ६.३५ च्या खाली अतिवाहकता उरतच नाही. ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास, कमी दाबात फिल्म तयार होताना ऑक्सिजन अपुराच राहतो. थंड करताना ४५० ते ५०० अंशांवर शुद्ध ऑक्सिजनमध्ये अर्धा-एक तास ठेवले, तरच ती उणीव भरून निघते. या टप्प्यावर घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

निओडिमियमच्या फिल्ममधून मात्र जास्तीचा ऑक्सिजन निर्वातात तापवून काढावा लागतो. ही मात्रा इतकी अल्प असते की ती मोजणेही कठीण, आणि मर्यादा ओलांडली तर पदार्थाचेच विघटन होते. एवढे करूनही अतिवाहकता येते ती २४ केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे द्रवरूप हेलियम किंवा महागडे शीतयंत्र हवेच.

म्हणून माझा कौल यट्रियमला आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठी ज्या टाक्यांतून द्रवरूप नायट्रोजन येतो, तोच ७७ केल्व्हिनचा नायट्रोजन येथे पुरतो. अडचण एवढीच की ६० केल्व्हिनची फिल्म त्यात अतिवाहक होत नाही, त्यामुळे कमी ऑक्सिजनच्या नमुन्यांची पारख क्ष-किरण विवर्तनानेच (स्फटिकातील अणूंची अंतरे क्ष-किरणांनी मोजण्याच्या पद्धतीनेच) करावी: ऑक्सिजन घटतो तसा स्फटिकाचा उभा अक्ष ११.६८ अँगस्ट्रॉमपासून ११.८२ पर्यंत वाढतो.

चांदीच्या पेस्टने चार तारा जोडलेली फिल्म नायट्रोजनमध्ये उतरवल्यावर उकळी शमते आणि व्होल्टेज शून्यावर येते. पण ती तशीच बाहेर काढली, तर क्षणात दव धरते आणि पाण्याने हा पदार्थ खराब होतो. पावसाळ्यात तर ती नायट्रोजनच्या वाफेतच सावकाश खोलीच्या तापमानाला आणावी.