मोराचा शिक्का आणि पॉलिएस्टरचा ताणा

थायलंडहून हातमागाचं रेशीम मागवणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मला ज्या पद्धतीनं फसवलं गेलं, ती आपल्यासारख्या थोडंथोडं कापड घेणाऱ्यांसाठीच बेतलेली आहे आणि ती अजून चालू आहे.

माझं पुण्यात छोटं शिवणघर आहे. जुन्या धाटणीचे अरुंद टाय आणि हातानं कडा वळलेले पॉकेट स्क्वेअर, म्हणजे कोटाच्या खिशात खोचायचे शोभेचे रुमाल, आम्ही शिवतो, बहुतेक लग्नाच्या ऑर्डरी. या कामाला थाय रेशमासारखं कापड नाही. ताणा, म्हणजे कापडातले उभे धागे, एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, दुसऱ्या रंगाचा असला, की टायच्या गाठीत प्रत्येक वळणावर रंग पालटतो. बाण्याचं सूत कोषातून हातानं काढलेलं, म्हणून मध्येच जाड, मध्येच बारीक. त्या जाडबारीकपणामुळे टायला जो भारदस्तपणा येतो, तो गिरणीच्या गुळगुळीत रेशमात मिळत नाही.

बँकॉकच्या एका व्यापाऱ्याकडून आधी नमुन्याचा तुकडा मागवला. तो अस्सल होता. भावही संशय यावा इतका कमी नव्हता, इतरांपेक्षा जरासाच उतरता. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे माल निघण्याआधी, असं ठरलं. माल आल्यावर नेहमीप्रमाणे बाण्याचा एक धागा ओढून जाळला. केस जळल्याचा वास आला, राख चिमटीत चुरली गेली. रेशीमच होतं ते.

लबाडी पकडली आमच्या मास्तरांनी. पॉकेट स्क्वेअरची कडा ते ओलसर बोटानं गुंडाळत पुढे जातात आणि मागून बारीक टाके घालतात. चांगलं रेशीम एकदा वळलं की तसंच राहतं. इथे समोरासमोरच्या दोन कडा नीट वळत होत्या आणि उरलेल्या दोन पुन्हा पुन्हा उलगडत होत्या. ते म्हणाले, “ताई, हे कापड एका बाजूनं रेशीम आहे, दुसऱ्या बाजूनं नाही.” मग आम्ही ताण्याचा धागा काढून जाळला. तो वितळला, आक्रसला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. ताणा पूर्ण पॉलिएस्टरचा होता.

यातली चलाखी समजून घ्या. थाय कापडात ताणा तसाही सरळ, गुळगुळीत असतो. आपली नजर जाते ती बाण्याच्या जाडबारीक सुताकडे. म्हणून बाणा खरा ठेवायचा आणि ताणा बदलायचा. रंग दोन असल्यामुळे चमकेतला फरकही त्यात लपून जातो. टाय उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका कापला जातो, त्यामुळे दोन्ही धाग्यांवर सारखा ताण येतो. असं कापड वाफेच्या इस्त्रीखाली एका दिशेनं आळतं आणि टाय पिळवटतो. आम्ही शिवलेल्या पहिल्या टायचं तेच झालं. तेव्हा दोष अस्तराचा वाटला होता.

आता मोराबद्दल. थायलंडचं सरकारी रेशीम खातं कापडाला मोराचं चिन्ह देतं आणि ते चार रंगांत असतं. सोनेरी मोर म्हणजे देशी जातीच्या किड्यांचं, हातानं काढलेलं, हातमागावर विणलेलं रेशीम. रुपेरी त्याच्या खालोखाल, तोही हातमागाचाच. निळा मोर शुद्ध रेशमाचा, पण माग कुठलाही चालतो. हिरवा मोर मिश्र कापडाचा. पैठणीवर मोर पाहत वाढलेल्या आपल्याला मोर दिसला की खात्री पटते, पण तिथे मोराचा रंग बघावा लागतो. मला फोटो आला सोनेरी मोराचा. माल आला तो दोन्ही काठ कापून. काठ नाही म्हणजे त्यावर काही छापलं होतं का ते कळायला मार्ग नाही, आणि हातमागाच्या काठाचा किंचित वेडावाकडेपणाही तपासता येत नाही. काठ कापलेलं कापड कुणाचंही घेऊ नका, त्यानं कितीही कारणं सांगितली तरी.

सोबत गोष्टही पाठवली होती: हे बान क्रुआच्या विणकरांचं कापड. बान क्रुआ खरंच आहे. बँकॉकमधल्या सेन सेप कालव्याकाठची ती चाम मुस्लिमांची वस्ती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन या अमेरिकी माणसानं थाय रेशीम जगभर नेलं ते तिथल्या विणकरांच्या जोरावर. १९६७ साली तो मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये बेपत्ता झाला. आज तिथे माग अगदी मोजके उरलेत. एकाच छटेचा मोठा लॉट काही दिवसांत तिथून निघणं शक्य नाही. हातमागाचं बरंचसं काम आता ईशान्येकडच्या इसान भागात चालतं: पाक थोंग चाय, चोन्नाबोत, सुरिन. त्या विणकरांच्या नावावर पॉलिएस्टर खपवलं जातं, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे. आपल्या येवल्यात पॉवरलूमच्या साड्या पैठणी म्हणून विकल्या जातात, तेव्हा हातमागवाल्याचं जे नुकसान होतं, तेच हे.

पैसे परत मिळालेले नाहीत. रक्कम बँकेतून परदेशी खात्यात गेली होती, आणि खातं दुकानाच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर होतं. अशी रक्कम बँक परत ओढू शकत नाही. कार्डानं दिली असती तर निदान हरकत घेता आली असती. रेशीम म्हणून सीमाशुल्क भरलं ते वेगळंच. व्यापाऱ्याचं उत्तर एवढंच आलं की “थाय सिल्क असंच असतं”. नंतर तेही बंद झालं. तुम्ही स्वतः बँकॉकमध्ये खरेदी करताना फसलात, तर तिथल्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे; परत येण्याआधीच तक्रार नोंदवा.

माल घेताना नमुना वेगळा मागवू नका, ज्या ताग्यातून माल येणार त्याच्याच टोकाचा तुकडा काठासकट मागवा. दोन्ही दिशांचे धागे वेगवेगळे जाळा. शंका राहिली तर कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या, आणि उरलेले पैसे अहवाल हातात आल्यावरच सोडा. मला पाठवलेला सोनेरी मोराचा तोच फोटो, कोपऱ्यातल्या त्याच घडीसह, सध्या दुसऱ्या नावाच्या विक्रेत्याकडून लोकांना येतो आहे.