छापील पत्रक की मोबाइलवरची गोष्ट?

इंदूरला माझ्या भाचीला तेराव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला, तेव्हा घरात दोन गोष्टी आल्या: एक छापील पत्रक, आणि तिच्याच वयाच्या मुलीने स्वतःच्या आवाजात, फोटो जोडून केलेली तीन मिनिटांची गोष्ट.

पत्रक नेमकं. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ते फ्रिजवर आजही चिकटवलेलं आहे. घाईच्या वेळी ताईला तेच लागतं.

पण सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारात, मैत्रिणी जिलबी पुढे करतात तेव्हा काय म्हणायचं? वर्गात साखर उतरून हात थरथरू लागले तर बाईंना कसं सांगायचं? हे पत्रकात नव्हतं. गोष्टीतली मुलगी डबा खाण्याआधी लपून इन्सुलिन घेते, आणि एक दिवस लपणं सोडते. भाचीने ती चारदा ऐकली. पुढच्या खेपेला पोहे-जिलबी खायची असेल तर डोस कसा ठरवायचा, हे तिने डॉक्टरांना स्वतः विचारलं. तोवर सगळं ताईच विचारायची.

आकडे मात्र गोष्टीतून उचलू नयेत, डोस प्रत्येकाचा वेगळा. असा आजार नव्याने कळलेल्या मुलाला मी आधी गोष्ट दाखवेन, मग पत्रक हातात देईन. आणि जमलं तर भाचीलाच तिची गोष्ट करायला सांगेन, आजीलाही कळेल अशी मराठीत.