तारीख सांगाल ती मिळेल: कॅमारोच्या पार्ट्समध्ये कसं गंडवतात

मुद्द्याचं आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांचं काम इथेच होईल. जुन्या अमेरिकन गाडीचा पार्ट शोधत असाल तर आपल्याला कुठली तारीख आणि कुठला कोड पाहिजे ते विकणाऱ्याला अजिबात सांगायचं नाही. आधी त्याच्या पार्टवरचा नंबर फोटोसकट मागून घ्यायचा आणि मग आपण आपलं घरी बसून जुळवायचं. उलटं केलं की तुम्ही सांगाल ती तारीख पार्टवर येते.

आता सविस्तर. मी मिशिगनमध्ये डेट्रॉईटच्या बाजूला राहतो, इथे आपली मराठी मंडळी भरपूर, त्यातली निम्मी तरी गाड्यांच्याच धंद्यात, त्यामुळे गॅरेजमध्ये जुनी गाडी उघडून बसलेला मी काही एकटाच नाही. माझी गाडी १९६९ ची शेव्हरोले कॅमारो झेड-२८. ह्या मॉडेलच्या त्या वर्षी २०,३०२ गाड्या बनल्या. इंजिन ३०२ घनइंचाचं, कारण ट्रान्स-अ‍ॅम रेसिंगला ३०५ ची मर्यादा होती आणि शेव्हीला त्या मर्यादेच्या आत बसायचं होतं. माझ्या गाडीचं इंजिन नशिबाने तिचंच आहे. पण गिअरबॉक्स आणि कार्बोरेटर मधल्या कुठल्यातरी मालकाने काढून विकलेले, त्या जागी काहीबाही बसवलेलं.

हे नंबर प्रकरण एवढं का तापतं ते नवीन लोकांसाठी सांगतो. फोर्डवाल्यांना मार्टी रिपोर्ट मिळतो, पॉन्टियॅकवाल्यांना पीएचएसकडून (पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कागद मिळतात, गाडी फॅक्टरीतून काय काय लावून बाहेर पडली ते लिहिलेलं असतं. अमेरिकेत विकलेल्या ६९ च्या कॅमारोचं असं काही मिळत नाही. बरं, त्या वर्षीच्या व्हीआयएनवरून (गाडीचा ओळख नंबर, आपल्या चासी नंबरसारखा) फक्त व्ही-८ आहे एवढंच कळतं, झेड-२८ आहे की साधी ते कळत नाही. मग काय, सगळी भिस्त लोखंडावरच्या आकड्यांवर. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) टॅगवर बॉडीचा आठवडा (माझ्या गाडीचा ०४बी, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा), इंजिनच्या पॅडवर ते फ्लिंटला जुळवल्याची तारीख आणि मागे डीझेड हा झेड-२८ च्या इंजिनचा कोड, शेजारी १९एन पासून सुरू होणारा गाडीचा नंबर, त्यातला एन म्हणजे नॉरवूड, ओहायोचा प्लांट. गिअरबॉक्स, कार्बोरेटर, अल्टरनेटर, काचा, सगळ्यांवर तारखा, आणि त्या सगळ्या गाडी बनायच्या थोड्या आधीच्या असायला पाहिजेत. जुळल्या तर गाडीची किंमत एक, नाही जुळल्या तर भलतीच. आणि आकड्याला पैसे मिळतात म्हटल्यावर आकडे बनवणारे आलेच की.

मी 'पाहिजे' अशी जाहिरात टाकली, जशी इथे सगळेच टाकतात: मन्सी एम-२१ गिअरबॉक्स (मन्सी हा तो बनवणारा प्लांट, एम-२०, एम-२१, एम-२२ हे त्याचे प्रकार), मार्च ६९ चा, आणि होली कंपनीचा कार्बोरेटर लिस्ट ४०५३ (लिस्ट म्हणजे होलीचा मॉडेल नंबर), तोही मार्चचाच. शेजारच्या राज्यातल्या एकाचा मेसेज आला, नाव देत नाही, तक्रार चालू आहे. बोलायला एकदम गोड. आधी म्हणाला गिअरबॉक्स आहे पण गोडाऊनमध्ये मागे पडलाय, तारीख बघून सांगतो. दोन-तीन दिवसांनी फोटो आला, पी९सी२३बी. म्हणजे पी मन्सीचा, ९ म्हणजे ६९, सी म्हणजे मार्च, २३ तारीख, बी म्हणजे एम-२१. बोनस म्हणून म्हणाला की ह्याच्याबरोबर कार्बोरेटरपण आहे, त्यावर ९३२, म्हणजे ६९ च्या मार्चचा दुसरा आठवडा. दोन्ही मिळून साडेचार हजार डॉलर. अर्धे पेमेंट अ‍ॅपवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' करून पाठव म्हणाला, फी वाचते म्हणे, उरलेल्याचा चेक पोस्टाने. (फी वाचते हे खरं, पण त्या प्रकारात खरेदीचं संरक्षणपण जातं, ते कोणी सांगत नाही. चेक पोस्टाने गेला ह्याचा मात्र पुढे फायदा झाला.)

माल आला. पॅकिंग व्यवस्थित, गिअरबॉक्सच्या केसवर (बाहेरचं ओतीव कवच) उठावाचा नंबर ३९२५६६०, जो ६९ ला बरोबर आहे. खरी गोम इथेच आहे, ही केस अस्सलच होती! लोकांना वाटतं नकली माल म्हणजे आख्खा नकली. तसं नसतं हो, वस्तू खरी असते, फक्त तिची जन्मतारीख बदललेली असते.

पंचिंग असतं ते केसच्या मागच्या कडेला, टेल हाउसिंग जोडतात तिथे. हाताने पुसलं तर सगळं ठीक वाटतं. मग दिवा बंद करून टॉर्च अगदी आडवी धरली आणि बघितलं. अ‍ॅल्युमिनियमची ओतीव केस म्हणजे कातडी खरबरीत, बारीक दाणेदार, पन्नास वर्षांची काजळी त्या दाण्यांत बसलेली. आकड्यांखालचा दोन बोटांचा पट्टा मात्र गुळगुळीत आणि त्यावर गोल गोल ओरखडे, म्हणजे छोट्या ग्राइंडरला सँडपेपर लावून फिरवलेलं. वर काजळीसारखं काहीतरी चोळलेलं, ते कापडाला थिनर लावून पुसलं की निघून आलं, खरी काजळी अशी एका हातात निघत नाही. आकड्यांच्या कडा धारदार, 'सी' थोडा कललेला. आणि त्या पट्ट्याच्या थोडं बाजूला, जिथे गाडीचा व्हीआयएन मारतात, तिथे एका '९' चा वरचा अर्धा गोल अजून दिसत होता. माल पाठवताना हाच माणूस मला म्हणाला होता की ह्याच्यावर व्हीआयएन नाही कारण हा डीलरच्या काउंटरवरून वॉरंटीत आलेला बॉक्स. वॉरंटीच्या बॉक्सवर अर्धा नऊ कुठून आला भाऊ? म्हणजे दुसऱ्या कुणाच्या गाडीचा नंबर घासून टाकलेला, आणि व्हीआयएन खोडणं हा इथे फेडरल गुन्हा आहे, ती गाडी चोरीची होती की काय देव जाणे.

आपल्याकडे आरएक्स-१०० किंवा जुनी येझदी घेताना चासी नंबर घासून परत पंच केलाय का बघतात, ती नजर इथेपण तेवढीच लागते. फरक एवढाच की इथे डाय (आकडे मारायचे ठसे) जास्त चांगले मिळतात, जुन्या अक्षरांच्या वळणाचे सुद्धा.

मग मी २३ मार्च १९६९ ला वार कुठला ते काढलं. रविवार निघाला. (कालनिर्णय १९७३ चं, त्यामुळे भिंतीवरचं काही कामाला नाही, फोनवर बघितलं.) रविवारी प्लांट कधीच चालत नव्हता असं मी म्हणत नाही, एवढ्यावरून कोणाला खोटं ठरवता येत नाही, पण संशयाला जागा झाली.

पक्कं झालं ते बॉक्स फिरवून. हे कोणीही करू शकतो, उघडायची पण गरज नाही. पहिला गिअर टाका, इनपुट आणि आउटपुट शाफ्टवर खडूने खुणा करा, आउटपुटचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत इनपुट फिरवा आणि मोजा. एम-२१ चा पहिला गिअर २.२० चा, म्हणजे सव्वादोनच्या आतच एक फेरा पुरा व्हायला पाहिजे. एम-२० असेल तर २.५२, म्हणजे अडीचच्या थोडं पुढे. माझा अडीच ओलांडून गेला. इनपुट शाफ्टवर खाचा बघितल्या तर दोन. दोन खाचा एम-२०, एक खाच एम-२१, एकही नाही तर एम-२२, ज्याला इथे रॉक क्रशर म्हणतात. शाफ्ट मधल्या काळात बदललेलापण असू शकतो, त्यामुळे खाच आणि फेरे दोन्ही बघायचे. थोडक्यात 'ए' घासून 'बी' मारलेला, आणि हात लागलाच आहे तर तारीखपण माझ्या जाहिरातीप्रमाणे.

कार्बोरेटरची गंमत थोडक्यात सांगतो कारण पद्धत तीच. वरच्या हवेच्या तोंडाची पट्टी, जिथे लिस्ट नंबर मारलेला असतो, ती घासून घासून पातळ झालेली, कॅलिपर लावला तर एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक. सोनेरी मुलामा नवा कोरा. ट्रान्समिशनचं छोटं दुकान चालवणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत ओळखीचे, त्यांना दाखवलं तर ते हसायलाच लागले, म्हणाले हा होलीचाच साधा ३३१० असणार, बाजारात ढिगाने मिळतो, ह्याचा ४०५३ करणं म्हणजे ह्या लोकांचा रविवारचा उद्योग.

ह्या सगळ्यात मला माझ्या स्वतःच्या इंजिनचा उपयोग झाला. ब्लॉकच्या पुढच्या पॅडवर फॅक्टरीतल्या ब्रोचिंग मशीनच्या बारीक समांतर रेषा असतात, पुढून मागे जाणाऱ्या, आणि अस्सल पंचिंग त्या रेषांच्या वर बसलेलं असतं. ब्लॉक नंतर कुठे घासला असेल तर ह्या रेषा जातात. (प्रामाणिकपणे मशीन शॉपमध्ये डेक केलेल्या (वरचा पृष्ठभाग सपाट करून घेतलेल्या) ब्लॉकच्यापण जातात, त्यामुळे रेषा नाहीत म्हणजे लगेच चोर असं नाही.) पण माझ्या पॅडवर त्या आहेत, रोज बघून बघून अस्सल आकडा कसा दिसतो ते डोळ्यात बसलंय. तुमच्याकडे नसेल तर ओळखीच्या कोणाच्या गाडीवर जाऊन बघा, फोटोत ते कळत नाही. कॅमारो रिसर्च ग्रुपने कोडची माहिती मांडून ठेवलीये ती वाचाच, पण लक्षात ठेवा की तो गंडवणारापण तीच वाचतो.

एक अजून, 'एनओएस' म्हणजे जुना पण न वापरलेला कंपनीचा पार्ट, ह्या शब्दावर जीव टाकू नका. जीएमच्या (शेव्हीची मूळ कंपनी) निळ्या-पांढऱ्या खोक्यात रिप्रोडक्शन, म्हणजे आता नव्याने बनवलेला नक्कल पार्ट घालून विकतात. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा घालतात ना, तसंच, पेटी खरी असते! पार्टवरचा नंबर, खोक्यावरचा नंबर आणि खोकं कुठल्या काळातलं आहे, तिन्ही जुळतंय का ते बघा. काचांचं तर उघडच चालतं, नव्या काचेवर एलओएफचा (तेव्हाची काच बनवणारी कंपनी) शिक्का आणि तुम्ही सांगाल ती तारीख कोरून देणारे आहेत, ते बिचारे रिप्रोडक्शन म्हणून सांगून विकतात, त्यात लबाडी नाही. लबाडी तिथून पुढे सुरू होते, ती काच तिसऱ्या माणसाच्या हातात गेली की.

मी त्याला फोन केला. आधी म्हणाला मलापण असाच मिळाला, मग म्हणाला मेसेज नीट वाच, मी 'आय बिलीव्ह इट्स अ‍ॅन एम-२१' असं लिहिलंय. खरंच तसं लिहिलेलं. म्हणून सांगतो, समोरचा 'माझ्या मते', 'असावा', 'जसा आहे तसा' असं लिहायला लागला की थांबायचं, आणि त्याच्याकडून साध्या वाक्यात लिहून घ्यायचं: एम-२१ आहे, पंचिंग फॅक्टरीचं आहे, नसेल तर पैसे परत. खरा माणूस दोन मिनिटांत लिहून देतो. आणि पैसे क्रेडिट कार्डाने, म्हणजे वेळ आली तर बँकेकडे दाद मागता येते.

लोकल पोलीस म्हणाले हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा. मग एफबीआयच्या आयसीथ्रीकडे (इंटरनेटवरच्या गुन्ह्यांचा विभाग) ऑनलाइन तक्रार केली, आणि चेक पोस्टाने गेलेला असल्यामुळे पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडेपण. तिथे पुरावा म्हणून फोटो जोडायचे होते, तेव्हा माझ्या एका मित्राला, नागपूरचा आहे, भयंकर डोकेबाज, एक आयडिया सुचली. त्याने त्याच विक्रेत्याला मेसेज केला की माझी गाडी ६९ च्या जुलैमधली, मला जून महिन्याचा एम-२१ पाहिजे, कोड पी९एफ असा काहीतरी असेल ना?

आता गंमत अशी की मन्सीच्या महिन्यांच्या अक्षरांत एफ नाहीच. ए, बी, सी, डी, ई मे पर्यंत सरळ, आणि जूनला एकदम एच, जुलैला के, ऑगस्टला एम, असं ते पुढे जातं. एफवाला मन्सी ह्या पृथ्वीतलावर बनलाच नाही.

तिसऱ्या दिवशी फोटो आला. पी९एफ१२बी. छान खोल मारलेला, वर काजळी चोळलेली.

तो फोटो तक्रारीला जोडला, पोच आली, पुढे अजून काही नाही, पैसे तर नाहीच. गिअरबॉक्स मी बसवून टाकला, ६९ च्या झेड-२८ ला एम-२० पण घेता यायचा त्यामुळे चालवायला काही अडचण नाही, आणि तो पंच केलेला पट्टा तसाच ठेवलाय, उद्या कोणी इन्स्पेक्टर आला तर बघायला लागेल. कार्बोरेटर अजून शोधतोय. कोणाकडे ४०५३ असेल तर त्यावरच्या आकड्याचा आडव्या उजेडातला फोटो पाठवा, तारीख कुठली पाहिजे ते विचारू नका, सांगणार नाही.