गंगेवर न्यायची पाणी तपासणीची पेटी: घ्या, पण अर्धीच वापरा

नाशिकमध्ये आनंदवल्ली ते तपोवन या पट्ट्यात गोदावरीवर, म्हणजे इथल्या लोकांच्या गंगेवर, नियमित नजर ठेवू पाहणाऱ्या स्वयंसेवक गटाला हल्ली एक तयार पेटी मिळते. विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ मोजायची रसायनं, पीएचचे थेंब, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणारं पेन, गढूळपणाची नळी आणि जिवाणू असले की काळ्या पडणाऱ्या एच-टू-एस बाटल्या, एवढं तिच्यात येतं. पैसे वसूल होतात ते एकट्या डीओमुळे.

300 मिलीची काचेची बाटली पाण्याखाली धरून सावकाश भरायची, एकही बुडबुडा राहता कामा नये. मग 2 मिली मँगनीज सल्फेट आणि 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही नळीचं टोक पाण्यात बुडवून. बाटली उलटसुलट केली की साका येतो: पांढरा असेल तर ऑक्सिजन नाही, तपकिरी असेल तर आहे. साका बसला की 2 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. या पिवळसर पाण्यातलं 203 मिली घेऊन 0.025 नॉर्मल (एन) तीव्रतेचं थायोसल्फेट सोडत जायचं. रंग गवती पिवळा झाला की मगच स्टार्च घालायचा, आणि निळा रंग गेला की थांबायचं. जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर. पेटीतल्या कागदावर 200 मिली छापलंय. पहिल्या दोन रसायनांनी 4 मिली पाणी बाहेर ढकललेलं असतं, म्हणून 203. फरक दीड टक्क्याचा, त्यावरून भांडायला नको.

भांडायचं असेल तर थायोसल्फेटवरून भांडा. जुनं झालं की त्याची ताकद उतरते, जास्त मिली लागतात आणि नदी आहे त्याहून चांगली दिसते. बाटलीवर तयार केल्याची तारीख नसेल तर ती परत करा. स्टार्चला बुरशी धरते, तो फ्रिजमध्ये ठेवा. अझाइड नसलेलं स्वस्त रसायन घेऊ नका. सांडपाण्यातल्या नायट्राइटमुळे गेलेला निळा रंग पुन्हा उगवतो आणि माणूस थेंब टाकतच बसतो. अझाइड विषारी आहे आणि आम्ल भाजतं, त्यामुळे हातमोजे, चष्मा लागतातच, आणि शाळकरी पोरांच्या हाती हे देऊ नये. उरलेलं पाणी कॅनमध्ये भरून परत न्यायचं. ते घाटावर ओतलं तर तपासणीला काय अर्थ?

आकडा वाचताना दोन गोष्टी सांभाळा. पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन मावतो याचा सोबतचा तक्ता समुद्रसपाटीचा आहे: 25 अंशाला साधारण 8.3. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंच, त्यामुळे इथे ऑक्सिजननं पूर्ण भरलेलं पाणीही 7.7च्या आसपासच दाखवतं. दुसरी गोष्ट वेळेची. शेवाळानं हिरवं झालेलं पाणी दुपारी 9-10 दाखवेल आणि पहाटे तेच कोसळलेलं असेल. आंघोळीसाठी किमान 5 हवं, ते सूर्योदयाच्या सुमारास तपासा आणि दर वेळी तीच वेळ ठेवा. पानवेलीचा थर असेल तर त्याच्या खालून आणि बाजूच्या मोकळ्या पाण्यातून, असे दोन नमुने घ्या. पायरीवरून बाटली बुडवू नका, तिथे निर्माल्य आणि साबणाचं पाणी असतं. पुलावरून दोरीनं बादली सोडून प्रवाहाच्या मधलं पाणी काढलेलं बरं, पण ते ओतताना खळखळ झाली की हवा मिसळते. बादलीच्या तळापर्यंत रबरी नळी घालून ते बाटलीत उतरवा. वाघाडी, नासर्डी जिथे मिळतात तिथे संगमाच्या वर एक आणि खाली एक जागा कायमची ठरवा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल तर तशी नोंद हवी, नाहीतर एका दिवसात नदी सुधारली असं वाटतं.

पीएचचे थेंब ठीक, गढूळपणाची नळी उत्तम. टीडीएस पेन मात्र घरच्या फिल्टरसाठीच बरं. ते प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि एका ठरावीक गुणकानं टीडीएस दाखवतं. मैला मिसळलाय का, हे त्याला कळत नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर तर ते आकडाच दाखवणार नाही, कारण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. डीओची पद्धत तिथेही चालते, फक्त खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: 25 अंशाला सुमारे पावणेसात.

एच-टू-एस बाटल्या ही पेटीतली सगळ्यात दिशाभूल करणारी वस्तू. त्या पिण्याच्या पाण्यासाठी आहेत, उत्तर फक्त हो किंवा नाही. शहरातल्या पट्ट्यात त्या 24 ते 48 तासांत काळ्या पडणारच, मग रामकुंड आणि तपोवन यांत फरक काय कळणार? मैल्यातल्या जिवाणूंसाठी आंघोळीच्या पाण्याचं अपेक्षित प्रमाण 100 मिलीत 500 आणि कमाल 2500, आणि तो आकडा प्रयोगशाळाच देते. निर्जंतुक बाटलीत नमुना भरा, बर्फात ठेवा, 6 तासांच्या आत पोचवा.

झाकणावर 'बीओडी', म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप, असंही छापलंय. आत त्यासाठी काहीही नाही. त्याला नमुना 27 अंशावर 3 दिवस अंधारात ठेवणारं इनक्युबेटर लागतं, आणि पाणी घाण असेल तर आधी पातळ करावं लागतं. रसायनं सुटी मिळतात का, हे घेण्याआधी विचारा. नाहीतर ती संपली की आख्खी पेटी पुन्हा विकत घ्यावी लागते.