मॅक्सी की बॅट? उद्रेकी क्ष-किरण स्रोतांवर नजर ठेवताना

कृष्णविवर असलेल्या एखाद्या द्वैतीचा (एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडीचा) उद्रेक, म्हणजे क्ष-किरणांतील तेजाची अचानक वाढ, सुरू झाल्यावर भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटसारख्या अंतराळ वेधशाळेकडे तातडीच्या निरीक्षणाची मागणी करायची, तर तो स्रोत आज कठीण (जास्त ऊर्जेचे क्ष-किरण अधिक) की मृदू (कमी ऊर्जेचे अधिक) अवस्थेत आहे हे आधी ठाऊक हवे. त्यासाठी रोज अद्ययावत होणारे, कोणालाही खुले असलेले दोन प्रकाशवक्र (काळानुसार तेज कसे बदलते याचे आलेख) बहुतेकांच्या परिचयाचे आहेत: एक, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या जपानी किबो विभागाबाहेर २००९ पासून बसवलेल्या मॅक्सी या क्ष-किरण उपकरणाचा आणि दुसरा, २००४ मध्ये सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहावरील बॅट या उपकरणाचा.

कागदावर मॅक्सी सरस आहे. सुमारे ९२ मिनिटांच्या प्रत्येक फेरीत ती बहुतेक आकाश पाहून घेते आणि २ ते २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचे एकक) मोजमाप तीन पट्ट्यांत देते, त्यामुळे स्रोताचा कठीणपणा लगेच काढता येतो. बॅटच्या रोजच्या प्रकाशवक्रात १५ ते ५० हा एकच पट्टा असतो. २०१८ च्या मार्चमध्ये मॅक्सीने टिपलेला मॅक्सी जे१८२०+०७० हा स्रोत जुलैत मृदू अवस्थेत गेला, तेव्हा केवळ बॅटवर विसंबणाऱ्याला उद्रेक आटोपला असेच वाटले असते.

तरीही सकाळी मी आधी बॅट पाहतो, आणि त्याचे कारण शेजारी. मॅक्सीची विभेदनक्षमता, म्हणजे जवळचे दोन स्रोत वेगळे ओळखण्याची मर्यादा, सुमारे दीड अंश, तर बॅटची जवळपास वीस कलामिनिटे (अंशाचा तिसरा भाग) आहे. आकाशगंगेच्या मध्याकडे, जिथे हे स्रोत दाटीने आहेत, तिथे जीएक्स ५-१ किंवा जीएक्स ३+१ यांसारखे सदा तेजस्वी न्यूट्रॉन तारे आपला प्रकाश भलत्याच आलेखात मिसळतात. चाळीत शेजारचा रेडिओ आपल्याच खोलीत वाजतो आहे असे वाटावे, तसे. त्यात स्थानकाची कक्षा हळूहळू फिरत असल्याने ही भेसळही सुमारे सत्तर दिवसांच्या चक्रात कमीजास्त होते, आणि उद्रेकाच्या आरंभासारखा सुरेख चढ समोर येतो. असे चढ तपासण्यात माझा बराच वेळ गेला आहे. बॅटमध्ये खाडे असतात, बिंदू विखुरलेले असतात, पण तिथला गोंगाट निदान गोंगाटासारखा दिसतो. शिवाय बहुतेक उद्रेक कठीण अवस्थेतच सुरू होतात, म्हणजे त्यांचा आरंभ बॅटच्या पट्ट्यात दिसतो.

स्रोत जे१८२०सारखा मध्यापासून दूर आणि एकटा असेल, तर मॅक्सी निवडणे कदाचित अधिक शहाणपणाचे ठरेल. स्विफ्टची कक्षाही खालावत आहे, म्हणून मॅक्सीचा आलेख मी रोज जतन करतो. मात्र निरीक्षणाचा अर्ज भरताना अजूनही आधी बॅटचाच जोडतो.