फाल्गुनात कुठल्या बेटावर जावं: निवती रॉक की सुवर्णदुर्ग?

थंडी ओसरली, पाहुणे पक्षी अजून परत गेलेले नाहीत, समुद्रही शांत आहे. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्यापर्यंतच्या या दिवसांत कोकणातल्या एखाद्या बेटाकडे पक्षी बघायला जायचं म्हटलं की दोन नावं हमखास निघतात: वेंगुर्ल्याकडचे निवती रॉकचे खडक आणि हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग. मी दोन्हीकडे जाऊन आलोय.

दुर्मिळता हाच निकष असेल तर निवती रॉकला तोड नाही. दीपगृहाच्या या खडकांमधल्या कपारींत भारतीय पाकोळीची वसाहत आहे. लाळेने घरटं बांधणारा हा पक्षी काळोख्या गुहेत टकटक आवाज करत, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. मार्चच्या सुमारास विणीची लगबग सुरू होते आणि खडकाभोवती पाकोळ्यांचे थवे नुसते भिरभिरत असतात. पूर्वी ही घरटी चोरून सूपसाठी विकली जात. ती वाचवण्यासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मोठं काम केलंय. म्हणूनच माझी कळकळीची विनंती, होडीवाला कितीही म्हणाला तरी गुहेच्या तोंडाशी जाऊ नका. सुरय या समुद्रपक्ष्यांची वीण बघण्याच्या आशेनेही जाऊ नका. ती पावसाळ्याकडे असते आणि तेव्हा होड्याच बंद असतात.

माझं घोडं अडलं ते होडीपाशी. पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा असतो तोवर पाणी सपाट. पण खडकांपर्यंत पोहोचून दोन फेऱ्या होतात न होतात तोच समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि होडी हलायला लागते. दुर्बिणीत पक्षी आला म्हणेपर्यंत तिथे आभाळ, मग पाणी, मग पुन्हा आभाळ. पाकोळी आधीच चपळ, त्यात आपण झुलतोय. उतरून एका जागी बसावं तर तशी सोय नाही. वारा वाढायच्या आत परतायची घाई होडीवाल्याला असते, आणि ती रास्तच आहे. मी पाकोळ्या पाहिल्या हे खरं, पण एकही पक्षी निवांत न्याहाळता आला नाही. एवढ्या लांब जाऊन हीच गोष्ट मनाला लागून राहिली.

सुवर्णदुर्गावर नेमकं ते मिळतं. होडी थोड्या वेळात पोहोचवते, तुम्ही उतरता आणि तटाच्या सावलीत हवं तेवढं बसता. समोरच्या खडकांवर काळा समुद्रबगळा ओहोटीच्या डबक्यांत टिपत असतो. नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, आपल्याकडचा काकण, डोक्यावरून जातो. पक्षी तसे नेहमीचेच, पण वसंताची चाहूल त्यांच्याच अंगावर दिसते. हर्णै बंदराजवळच्या कुरव या समुद्रपक्ष्यांचंच बघा. हिवाळाभर डोकं पांढरं आणि कानामागे गडद ठिपका. मार्च उजाडला की काहींची डोकी पूर्ण तपकिरी, काहींची अर्धी, काहींची अजून कोरी, आणि सगळे एकाच थव्यात. चिखल्या या किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्यांच्या छातीवर विटकरी रंग चढू लागतो तोही याच दिवसांत. हे बदल टिपायला एकाच पक्ष्यावर बराच वेळ नजर ठेवावी लागते आणि त्यासाठी पायाखाली जमीन स्थिर लागते.

शिवाय आंजर्ले जवळच आहे. कासवांची पिल्लं बाहेर पडण्याचा हंगामही हाच, त्यामुळे एक सकाळ तिकडे सहज जोडता येते. शनिवार-रविवारी मात्र किल्ल्यावर गर्दी आणि गलका असतो, तेव्हा मधलाच वार धरा.

तुम्ही बरीच वर्षं पक्षी बघत असाल, पाकोळी यादीत नसेल आणि समुद्र लागत नसेल, तर निवतीला जरूर जा. तो अनुभव दुसरीकडे मिळणार नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्याला किंवा सोबत मुलं, वडीलधारी असणाऱ्याला मात्र मी हर्णैकडेच वळवेन. फक्त आदल्या संध्याकाळी ओहोटीची वेळ विचारून ठेवा, सकाळची पहिली होडी ठरवा आणि न्यायला कधी यायचं ते होडीवाल्याला निघतानाच सांगा. दोन-तीन तास मागून घ्या, तो अर्ध्या तासात येतो म्हणेल.