डबल बॉइल्ड जवस तेल : बंगईला उत्तम, मांडवाला गेरूसकट

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड जवस तेल (लवकर सुकावं म्हणून प्रक्रिया केलेलं) नागपूरच्या हवेत बाहेरच्या लाकडाला चालतं का? सागवानाची बंगई (झोपाळा) आणि बाक यांना बिनधास्त घ्या. उघड्यावरच्या वेलांच्या मांडवाला नुसतं तेल पुरत नाही.

पीयू (पॉलियुरेथेन) किंवा व्हार्निशचा थर लाकडाच्या वर बसतो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो (२३ मे २०१३ रोजी ४७.९ नोंदला गेला) आणि जूनमध्ये पाऊस. लाकूड आकसतं, मग फुगतं. थराला तडे जातात, पाणी खाली शिरतं आणि पापुद्रे खरवडत बसावं लागतं. जवस तेल लाकडात मुरतं, त्यामुळे त्याचे पापुद्रे निघत नाहीत. पुढच्या वर्षी पॉलिश पेपरचा हलका हात मारून एक हात तेल दिलं की झालं. या तेलाची खरी किंमत इथे वसूल होते.

दोष दोन आहेत. ते ऊन अडवत नाही, त्यामुळे लाकूड राखाडी पडतं. आणि पावसाळ्यात त्याच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. गेरूतलं लोह ऑक्साइड ऊन अडवतं, म्हणून मांडवासाठी लिटरभर तेलात ५० ग्रॅम गेरू मलमलीतून चाळून घाला आणि लावताना ढवळत राहा. बंगईच्या पाटाला मात्र गेरू नको, कपड्यांना लागतो.

लावायची वेळ ऑक्टोबरअखेर ते मार्च, सकाळी. मेच्या दुपारी तापलेल्या फळीवर तेल मुरायच्या आत साय धरतं आणि चिकट राहतं. राखाडी पडलेलं लाकूड आधी ऑक्झॅलिक ॲसिडने धुवा: लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, हातमोजे घालून, मग भरपूर पाणी. पूर्ण वाळू द्या. ८० नंबर, मग १२० नंबरचा पेपर, रेषेच्या दिशेनेच. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मेनिम्मे. पंधरा मिनिटांनी जे वर राहील ते कापडाने पूर्ण पुसा. चिकटपणाची बहुतेक तक्रार न पुसल्यामुळेच असते. चोवीस तासांनी दुसरा हात, नुसत्या तेलाचा. फळीची कापलेली टोकं सर्वात जास्त पाणी पितात, तिथे तेल मुरायचं थांबेपर्यंत देत राहा.

तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा उघड्यावर एकेरी पसरून वाळवा.

सुटं तेल घेताना थेंबभर काचेवर पातळ पसरून बघा. चांगलं तेल दिवसभरात सुकतं. दोन दिवसांनीही बोटाला चिकटलं तर खनिज तेलाची भेसळ असण्याची शक्यता मोठी. कच्चं जवस तेल घेऊ नका, ते सुकायला आठवडे घेतं.

लकडगंजातून, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातून, सागवान घेताना कडेचा पांढरट भाग नाकारा. त्याला उधई लागते आणि तेलाने ती थांबत नाही. मांडवाचा खांब थेट मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडला असेल तर बुडाशी पाणी साचून तो कुजणारच. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पट्टीच्या बुटावर तो जमिनीपासून दोन इंच उचला आणि स्क्रू स्टेनलेसचे वापरा. साध्या लोखंडी खिळ्यांभोवती सागावर काळे डाग पडतात.